काळूची खांड आणि नॉर्वेचा बर्फ

इसमाचे संपूर्ण नाव काळुराम धर्मा मोकल. राहणार मौजे पाणखार, तालुका पेण, जिल्हा रायगड. बांधा मध्यम, वर्ण सावळा. ओळखीची खूण, उजव्या भुवईवर फावड्याचा जुना व्रण. व्यवसाय पूर्वी शेती व मिठागर, तदनंतर नागोठणे येथील कंपनीत नोकरी, तूर्त सेवानिवृत्त. पत्नी एक, हयात. अपत्य एक, परदेशी. सदर इसमाविरुद्ध कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल नाही. सदर इसमाच्या नावे गावात अगर तालुक्यात रस्ता, पूल, विहीर, तळे, चौक अथवा अन्य कोणतेही सार्वजनिक ठिकाण असल्याचे आढळून येत नाही.

पासपोर्टच्या चौकशीला जो हवालदार पाणखारला येऊन गेला, त्याने साधारण असंच काहीतरी लिहून नेलं असणार. शेवटचं वाक्य त्यात नसेल. पण कुणी विचारलं असतं तर त्याने तेही लिहिलं असतं आणि कागदोपत्री ते खरंच ठरलं असतं. हवालदाराने दारात उभं राहून विचारलं होतं, "काळुराम मोकल म्हणजे खांडीचे काळू तेच ना?"

काळुराम म्हणाला, "काळुराम मोकल म्हंजे काळुराम मोकल."

हवालदाराने मान हलवली आणि चहा घेतला.

पाणखार हे गाव वडखळच्या नाक्यापासून खाडीच्या अंगाला, रस्ता संपेपर्यंत गेलं की लागतं. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. ही तक्रार नव्हे, हा पत्ता आहे. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये माणसाच्या छातीइतका उंच चिखलाचा बांध. या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. कुणा पूर्वजाला भरती थोपवून तिच्यामागे भात लावावंसं वाटलं आणि पुढच्या पिढ्यांना तो बांध सांभाळण्यावाचून दुसरा उद्योग उरला नाही.

बांधाला खरा धोका लाटेचा नसतो, चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा असतो. चिंबोरी बांधात बीळ करते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या बिळातून पाण्याची करंगळीएवढी धार आत येते, मग मनगटाएवढी, मग बांधाचा तुकडा बसतो आणि समुद्र शेतात शिरतो. बांधाला पडलेल्या या भगदाडाला खांड म्हणतात. म्हणून उधाणाच्या दिवसांत प्रत्येक घराने आपापल्या वाट्याच्या बांधावर एक माणूस बसवायचा, बरोबर फावडं, टोपली आणि भाताचा पेंढा द्यायचा, आणि बीळ दिसलं की पेंढा कोंबून वर चिखल थापायचा, असा रिवाज होता. याला पाळी म्हणत. 'आज कुणाची पाळी?' असं विचारलं की गावात कुणालाही कळायचं.

पुढे नागोठण्याला कंपनी आली आणि पाणखारची काही माणसं तिच्यात लागली. तिथे माणसं शिफ्टला जात. गावातली बायकापोरंही शिफ्टच म्हणत. फक्त कंपनीच्या दारावर मराठीचा मान राखायला एक फलक लावला होता: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. तो फलक गंभीरपणे वाचणारा संपूर्ण कंपनीत एकच कामगार निघाला. काळुरामाला छापील मराठीचा आदर होता. 'फलकावर लिवलंय तर कुणीतरी इचार करूनच लिवलं असंल,' असं त्याचं म्हणणं. इतरांची फर्स्ट शिफ्ट असायची, काळुरामाची पहिली पाळी असायची.

शुद्ध भाषेचा असा आग्रह शहरात धरला तर फार तर माणसं हसतात. पाणखारमध्ये त्यामुळे शेती बुडाली.

साल १९९४. आषाढी अमावास्येचं उधाण. काळुराम आणि पुंडलिक घरत यांचे बांधाचे वाटे एकमेकांना लागून होते, आणि जो बसेल त्याने दुसऱ्याच्याही वाट्यावर लक्ष ठेवायचं, अशी त्या दोघांची आपसातली सोय होती. आदल्या संध्याकाळी काळुराम वडखळला कंपनीच्या बसमधून उतरला तेव्हा पुंडलिक नाक्यावर उभा होता.

"उद्याचं कसं रं?" पुंडलिकाने विचारलं.

"उद्या माझी पाळी हाय," काळुराम म्हणाला. "पैली."

"बरं झाला," पुंडलिक म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन लेकीकडे रोह्याला गेला.

अमावास्येला पहिली भरती दुपारच्या सुमारास भरते. त्या वेळी पुंडलिक रोह्यात लेकीच्या घरी जेवत होता. काळुराम कंपनीत कूलिंग टॉवरच्या पंपांवर लक्ष ठेवून होता, म्हणजे पाणी जिथे असायला हवं तिथेच आहे ना हे पाहत होता. त्या दोघांच्या वाट्यांवर कुणीच नव्हतं. बीळ एकच होतं. संध्याकाळी खांड बैलगाडी जाईल एवढी झाली. पुढच्या उधाणाला तिच्यातून शिडाचा मचवा आत आला. गावाने तीनदा बुजवली, तीनदा ती गेली. मग लावणी केलेलं भात कुजलं, मग खार वर आला, मग शेतात खाऱ्या पाण्यातली तिवरं उगवली, आणि काही वर्षांनी तिथे शेत होतं हे सांगावं लागू लागलं. मिठागराकडे जाणारा रस्ता मध्येच पाण्यात जाऊन थांबला. काळुरामाची दोन एकर गेली, पुंडलिकाची पाच, बाकीच्यांची मिळून अर्ध्या गावाची.

भांडण मात्र सरळ होतं. काळुराम म्हणे, "मी पाळी हाय म्हणून सांगितलेलं." पुंडलिकही म्हणे, "हा पाळी हाय म्हणून बोलला." दोघांचं म्हणणं अक्षरशः एकच असल्यामुळे तडजोडीला जागा राहिली नाही. गावाने निकाल दिला तो एका वाक्याचा: "शिफ्ट बोलायला तुझी जीभ झिजत होती का?" बायकांनी 'पाळी' या शब्दावर ज्या कोट्या केल्या त्या इथे देण्याचं कारण नाही. त्या अजून चालू आहेत.

ज्याच्या वाट्यात खांड पडली त्याच्या घराचं नाव खांडीला देतात, हाही रिवाजच. बीळ दोघांच्या वाट्यांच्या नेमक्या हद्दीवर होतं. तरी नाव पडलं ते 'काळूची खांड'. पुढे खांडीची खाडी झाली, तिच्यात होड्या येऊ लागल्या, तरी तिची बढती झाली नाही. नाव तेच राहिलं. काळुराम कंपनीत हेल्परचा ऑपरेटर झाला, निवृत्त झाला, मुलाला शिकवलं. पण लग्नपत्रिका वाटायला कुणी परगावचा आला की पत्ता विचारताना त्याच्याच तोंडावर त्याच्या खांडीचं नाव घ्यायचा. काळुराम दर वेळी म्हणायचा, "पाणखार खाडी बोला." कुणी बोलत नसे.

२०१७ च्या एक मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाने एक विषय वाचून दाखवला. रस्त्याच्या शेवटी खाडीच्या तोंडाशी स्थानदर्शक फलक लावायचा आहे, तरी ठिकाणाचे प्रचलित नाव ग्रामसभेने ठरवून द्यावे. प्रचलित नाव काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. काळुराम उठून म्हणाला की घाई करू नये, मी परदेशी चाललोय, आल्यावर ठरवू. परदेशी चाललेल्या माणसाचा गावाने मान राखला आणि विषय पंधरा ऑगस्टवर टाकला.

तोंडी नाव वेगळं आणि लोखंडी पत्र्यावर रंगवलेलं वेगळं. तोंडातलं नाव बोलणारी माणसं मेली की जातं, अशी काळुरामाला आशा होती. पत्रा गंजायला वेळ लागतो. हौसाने, म्हणजे काळुरामाच्या बायकोने, त्यात आणखी भर घातली. "नातू उद्या मोठा व्हईल, गावाला येईल, बोर्ड वाचील. इचारील, आजोबांनी काय केला म्हणून." नातू बर्गनमध्ये जन्मला होता आणि तो जी भाषा वाचणार होता तिच्यात हा फलक नसणार होता. पण हे हौसाला सांगून उपयोग नव्हता, आणि काळुरामाला ते सांगावंसंही वाटलं नाही.

मुलगा जगन हा नॉर्वेत बर्गन गावी जहाजांचे आराखडे करणाऱ्या कंपनीत होता. जूनमध्ये दोघं गेली. निघताना काळुरामाने शेजारच्या गडब गावातल्या एका दुकानातून स्वेटर घेतला. तो दुकानात कधीपासून होता हे दुकानदारालाही आठवत नव्हतं. गडबला स्वेटर लागेल अशी कल्पना ज्या कुणाला सुचली होती, त्याला अखेर न्याय मिळाला.

आठवडाभर नातवाशी खेळून झाल्यावर जगन म्हणाला, "बाबा, उद्या तुम्हाला फ्योर्ड दाखवतो."

"ते काय आसतं?"

जगन इंजिनिअर होता, पण पाणखारचाही होता. त्याने सरळ सांगितलं, "खाडी."

हौसा भाजी निवडत होती. ती थांबली. "खाडी बघायला इतक्या लांब आणलास व्हय?"

"मोठी असते आई. जगभरातनं लोक येतात बघायला."

"तिकीट आसतं?"

"असतं."

"आपल्या खाडीला लावा मंग तिकीट," हौसा म्हणाली. "तुझ्या बापाला तेवढीच पेन्शन."

सोग्नेफ्योर्डच्या एका फाट्यात त्यांची बोट शिरली तेव्हा ऊन होतं. दोन्ही बाजूंना काळे कडे पाण्यातून सरळ वर गेलेले, इतके सरळ की वर बघताना काळुरामाची टोपी पडली. कड्यांच्या पार वरून धबधबे पडत होते, एवढ्या उंचावरून की पाण्याचा आवाज नंतर येई. पाणी हिरवं, बाटलीच्या काचेसारखं. बोटीवरच्या प्रवाशांनी पहिल्या पाच मिनिटांतच फोटो काढून काढून फोन गरम केले. हौसा पाण्याच्या कडेकडे बघत होती.

"चिखल कुठं हाय?" तिने विचारलं.

"इथे नसतो चिखल. खडक आहे सगळा."

"मंग निवटी कुठं ऱ्हाते?" निवटी हा चिखलावर उड्या मारणारा मासा. खाडीकाठच्या घरांत त्याचं कालवण होतं.

"निवटी नाही इथे, आई."

"मंग खाडी कसली," हौसा म्हणाली आणि तिच्यापुरता फ्योर्डचा विषय संपला.

काळुरामाचा संपला नव्हता. बोटीवर माहिती सांगणारी एक तरुण बाई होती. ती इंग्रजीत सांगे आणि जगन बापाला मराठीत सांगे. ती म्हणाली, इथली सगळ्यात जास्त खोली तेराशे मीटर आहे.

"फूट," काळुरामाने दुरुस्त केलं.

"मीटर, बाबा."

काळुरामाने कठड्यावरून खाली पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. त्याच्या खाडीत ओहोटीला होडी बांबूने ढकलत नेतात. बांबू तळाला लागतो, हीच तिथे खाडीची व्याख्या आहे.

"कुणी खणली ही?"

"बर्फाने."

इथून पुढे जगनचं काम अवघड झालं. बाई म्हणत होती ग्लेशियर, आणि जगनने शाळेतला शब्द आठवून सांगितलं, हिमनदी.

"नदी? म्हंजे वाहती?"

"वाहत नाही, सरकते. बर्फच असतो, पण डोंगराएवढा जाड. वर बर्फ पडत राहतो, साचतो, दाबला जातो, आणि उतारावर हळूहळू खाली सरकतो. दिवसाला हातभर वगैरे."

"ढकलतो कोण?"

"कुणी नाही. स्वतःच्या वजनाने सरकतो."

हे काळुरामाला पटलं. कंपनीत काही साहेब असेच वरून खाली सरकताना त्याने पाहिले होते, आणि वाटेत जे येई ते घासून निघे.

"पण बर्फानं खडक कसा कापंल? बर्फ पाण्यात टाकला तं इरघळतो."

हे जगनने बाईला विचारलं. बाईला प्रश्न आवडला असावा. तिने सांगितलं की नुसता बर्फ कापत नाही. त्याच्या तळाला दगड गोठून चिकटलेले असतात, आणि वर हजार मीटर बर्फाचं वजन. ती प्रचंड कानस लाखभर वर्षं एकाच दरीतून पुढे सरकत राहते. पाण्याची नदी कापते ती दरी खाली निमुळती होते, कारण नदी फक्त तळाशी कापते. बर्फ दरी काठोकाठ भरून चालतो, म्हणून तो तळ आणि बाजू दोन्ही घासतो आणि दरी पन्हळीसारखी होते, तळ रुंद आणि भिंती उभ्या. आजूबाजूच्या लहान दऱ्यांत लहान हिमनद्या होत्या. त्यांना एवढं खोल जाता आलं नाही, म्हणून त्या दऱ्या अर्ध्यावर लटकत राहिल्या. त्यांचंच पाणी आता धबधबे होऊन पडतं.

दुसऱ्या दिवशी जगनने त्यांना एका जिवंत हिमनदीच्या तोंडाशी नेलं. निळसर बर्फाची जीभ डोंगरातून खाली आली होती. तिच्या खालून निघणारं पाणी भाताच्या पेजेसारखं पांढुरकं होतं, कारण त्यात दळलेला खडक होता. बर्फ मागे हटल्यामुळे शेजारचा खडक उघडा पडला होता. तो गुळगुळीत होता आणि त्यावर सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या रेघा होत्या. काळुरामाने रेघेतून बोट फिरवलं. मग तिथलाच रेघा पडलेला एक लहान दगड उचलून गडबच्या स्वेटरच्या खिशात टाकला. तसं करू नये अशी पाटी तिथे होती, पण ती त्याला वाचता येण्याजोगी नव्हती, आणि त्यामुळेच त्याने ती मानली नाही.

पण हे झालं दुसऱ्या दिवसाचं. खरी गोष्ट पहिल्या दिवशी बोटीवर घडली. काळुरामाने जगनला सांगितलं, "इचार तिला, खांड कधी पडली."

"असं कसं विचारू?"

"समुद्र आत कधी आला ते इचार."

बाईने सांगितलं, बर्फ वितळून मागे गेला तेव्हा. दहा-अकरा हजार वर्षं झाली. दरी समुद्राच्या पातळीच्या खाली खणलेली होती, समुद्र नुसता आत आला.

"आन बुजवायला कोण नाय आलं?"

जगनने हे भाषांतर केलं नाही. काळुरामाने कठड्यावरून पुन्हा खाली पाहिलं. मग म्हणाला, "आन खाली शेती कुणाची होती?"

हे जगनने विचारलं. बाईला प्रश्न दोनदा सांगावा लागला. ती म्हणाली, कुणाचीच नाही. बर्फाच्या खाली कोण राहणार. माणसं नंतर आली, बर्फ गेल्यावर, आणि खाडीच्या काठाने राहिली.

"कुणाचीच नाय?"

"कुणाचीच नाही, बाबा."

समोर कागदी बशीत जगनने आणलेला गरम वॅफल होता, त्यावर जॅम. तो गार झाला. हौसाने तो खाल्ला आणि बरा आहे म्हणाली.

परतीच्या वाटेवर बाईने पाण्याखालच्या तळाचा एक उभा नकाशा दाखवला. आत तेराशे मीटर खोल, आणि समुद्राच्या तोंडाशी मात्र तळ एकदम वर आलेला, जेमतेम दोनशे. जगन म्हणाला, "याला उंबरठा म्हणतात."

"बांध म्हण," काळुराम म्हणाला.

"तोंडाशी बर्फ पातळ व्हायचा, पसरायचा, त्याचा जोर कमी पडायचा. तिथे त्याने कमी खणलं. आणि बरोबर आणलेले दगडगोटेही तिथेच टाकले."

"म्हंजे बर्फानंच बांध घातला."

"तसं म्हणा."

"आन मंग?"

"मग गेला. वितळून."

या शेवटच्या वाक्यात काही धोका आहे हे त्या वेळी काळुरामाच्या लक्षात आलं नाही. त्याला निराळंच काही सापडलं होतं. खाडी पडायला लाखभर वर्षं लागतात, एवढं मोठं बर्फाचं वजन लागतं. एक माणूस एक दिवस बांधावर नसल्याने खाडी पडत नाही. खाडी ही निसर्गाची वस्तू आहे आणि तिला माणसाचं नाव देणं अडाणीपणाचं आहे. विमानात त्याने हे हौसाला समजावून सांगितलं. हौसा म्हणाली, "सभेत सांग. मला काय सांगतोस, मी तुझ्याच घरात ऱ्हाते."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली. बाहेर पाऊस होता. ग्रामसेवकाने विषय वाचला. काळुराम उठला, खिशातला दगड टेबलावर ठेवला आणि खडू मागून घेतला. फळ्यावर त्याने आधी निमुळती दरी काढली, मग पन्हळीसारखी. बर्फ कसा सरकतो ते हाताने दाखवलं. बोलला बरं. हिमनदी हा शब्दही त्याने न अडखळता वापरला. दगड हातोहात फिरला आणि प्रत्येकाने त्याचं वजन केलं.

दाराशी जनी बसली होती. जनी ही काळुरामाची भावकीतली वहिनी, विधवा, आणि सभेत दारातूनच बोलायची तिची पद्धत. ती म्हणाली, "भावजी, बर्फ कुठवर आलेला? वडखळपोत?"

"आपल्याकडं नाय आला. मी खाडी कशी व्हते ते सांगतोय."

"आपली कशी झाली ते सांगा."

"तेच सांगतोय. खाडी अशी एका दिवसात पडत नाय. बर्फाला लाखभर वर्षं लागली."

"तुम्हाला एक शिफ्ट लागली," जनी म्हणाली.

वर्ग हसला. ग्रामसेवकही हसला आणि मग त्याने तोंड पुसलं. काळुराम हटला नाही. ऐकणाऱ्यांना माहितीत गोडी वाटू लागली आहे असं समजून त्याने खाडीच्या तोंडाशी एक उंचवटा काढला. ते त्याने टाळलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला ती गोष्ट मनापासून आवडली होती, आणि बांधाची गोष्ट बांधावरच्या माणसांना सांगायची नाही तर कुणाला.

"ह्यो बांध. बर्फानं सोताच घातलेला. आत खोल, तोंडाशी बांध."

"आन मंग?" जनीने विचारलं.

"मंग गेला."

"कोण?"

"बर्फ."

"बांध टाकून गेला?"

"व्हय."

"पैल्या पाळीला का?" जनी म्हणाली.

या वेळी हसणं बराच वेळ चाललं. काळुराम खडू हातात धरून उभा राहिला. एखाद्याने फळा पुसला असता, पण पुसायचं कापड जनीजवळच्या खिडकीत होतं.

हसणं ओसरल्यावर पुंडलिक बोलला. तो मागच्या बाकावर बसला होता, आणि तेवीस वर्षांत तो काळुरामाशी थेट बोललेला कुणाला आठवत नव्हता. जे बोलायचं ते तो तिसऱ्याला उद्देशून, काळुराम ऐकू शकेल अशा आवाजात बोलत असे. आज त्याने सरळ विचारलं.

"त्या खाडीच्या खाली शेती कुणाची होती रं?"

तिथे जाऊन आलेलं गावात दुसरं कुणी नव्हतं, एक हौसा सोडून, आणि ती निवटी शोधत होती. काळुराम काहीही सांगू शकला असता. शंभर एकर होती म्हणाला असता तरी चाललं असतं, किंबहुना त्याच्या बाजूचं ठरलं असतं.

"कुणाची नाय," तो म्हणाला.

"कुणाचीच?"

"बर्फ होता. माणसं मागनं आली."

"मंग त्यांचं बरं हाय," पुंडलिक म्हणाला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. काळुरामाने टेबलावर परत आलेला दगड उचलून खिशात ठेवला. खडू ठेवला. मग ग्रामसेवकाकडे न बघता, मागच्या बाकाच्या दिशेने म्हणाला, "मी शिफ्टला होतो."

एवढंच. त्यात नवी माहिती काही नव्हती. तो कुठे होता हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. पण तो शब्द त्याने उभ्या जन्मात पहिल्यांदा वापरला होता. 

पुंडलिकाने डोकं खाजवलं. "बोर्डावर पाणखार खाडी लिवा," तो ग्रामसेवकाला म्हणाला. "लिवलेलं वाचतंय कोण. एक वाचणारा होता, त्यानंच घोळ घातला."

ठराव एकमताने मंजूर झाला. दिवाळीच्या आत फलक लागला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, लोखंडी दोन पाय. 'पाणखार खाडी'. काळुराम पहिल्या आठवड्यात तो दोनदा जाऊन बघून आला. अक्षरं सुबक होती. त्याने जगनला फोटो पाठवला आणि जगनने तो नातवाला दाखवला. नातू म्हणे, पाणी कुठे आहे? फोटो ओहोटीला काढला होता.

डिसेंबरात काळुराम डोळे दाखवायला पेणला गेला होता. परत येताना वडखळच्या नाक्यावर उतरला. रिक्षावाला नवा होता. मागच्या सीटवर आधीच दोघं बसले होते, त्यातला एक पुंडलिक. त्याच्या मांडीवर रोह्याहून लेकीने दिलेली पिशवी होती.

"कुठं, काका?"

"पाणखार खाडी."

रिक्षावाल्याने विचार केला. पुढच्या रिक्षावाल्याला विचारलं. त्यानेही विचार केला. "कंच्या बाजूला येतं हे?"

काळुराम पुंडलिकाकडे बघत नव्हता. पुंडलिक महामार्गाकडे बघत होता आणि त्याला काहीही मदत करायची नव्हती.

"काळूच्या खांडीशी," काळुराम म्हणाला.

"मंग असं बोला ना. बसा."

पुंडलिकाने पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली आणि जागा दिली. "दगड घरी ठेवला का बरोबर घेऊन फिरतोस?" त्याने विचारलं.

"घरी. हौसा लसूण ठेचते त्यानं."

वडखळच्या नाक्यावरून काळूच्या खांडीला शेअर रिक्षा मिळतात. तीन सीट भरल्या की सुटतात.